कार्ड निवडण्याआधी मिलिसेकंद मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर डिचोलीत. मशीन तीन-चार वर्षांपूर्वीचे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). आता क्वेस्ट ३ हा डोळ्यांवर घालायचा व्हीआर हेडसेट घेतलाय आणि तो घालून फ्लाइट सिम्युलेटर २०२४ हा विमानाचा व असेटो कोर्सा हा मोटारशर्यतीचा गेम खेळायचाय, जोडीला ४के टीव्हीवर बाकीचे गेम. हातात लाखभर रुपये आहेत. एनव्हिडियाचे ५०७० टीआय, ५०८० की एएमडीचे ९०७० एक्सटी, यांतले कोणते कार्ड? आणि चवथीला दुबईहून मामा येणार आहेत, त्यांच्याकडून आणवले तर चालेल का?

उत्तर आधी सांगून टाकतो. ५०७० टीआय घ्या, इथल्याच दुकानातून बिलासह घ्या, आणि ५०८०साठी मोजणार होता ते जास्तीचे पैसे एसएमपीएस, राउटर आणि जमल्यास प्रोसेसरमध्ये घाला. मी मडगावात अठरा वर्षे मशिनी जुळवतोय आणि त्यातली आठेक वर्षे हेडसेटवाल्या. एवढ्या काळात हेडसेट कपाटात गेलेली बरीच घरे पाहिली. त्यातली बहुतेक कार्ड कमी पडले म्हणून गेली नव्हती, चुकीच्या जागी पैसे गेले म्हणून गेली होती. तुमचे तसे होऊ नये म्हणून जरा लांबलचक लिहितो.

टीव्हीवर ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. क्वेस्ट ३मध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ गुणिले २२०८चा पडदा आहे. दोन्ही मिळून ९१ लाख, म्हणजे नुसते पडदे भरायलाच ४केपेक्षा जास्त काम. पण गोष्ट तिथे थांबत नाही. हेडसेटची लेन्स चित्र वाकवते, म्हणून सॉफ्टवेअर ते आधीच उलट्या दिशेने वाकवून पाठवते. या वाकवण्यात मधला भाग ताणला जातो आणि धूसर होतो. तो धूसर होऊ नये यासाठी चित्र मुळातच मोठे काढावे लागते, बऱ्याच हेडसेटमध्ये उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी सुमारे १.४ पट. हा गुणाकार केलात तर क्वेस्ट ३साठी दोन डोळ्यांचे मिळून पावणेदोन कोटींहून जास्त पिक्सेल होतात. ४केच्या दुप्पट. आणि हे सगळे ९० हर्ट्झला (सेकंदाला ९० चित्रे) दर ११.१ मिलिसेकंदांत, ७२ हर्ट्झला दर १३.९ मिलिसेकंदांत, न चुकता.

'न चुकता' हा शब्द महत्त्वाचा आहे. यूट्यूबवरच्या तक्त्यांत सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, निघाल्या) असतो. टीव्हीवर सरासरी ७० आणि मधूनच ५५ झाले तर तुमच्या लक्षातही येणार नाही. हेडसेटमध्ये मान वळवली आणि चित्र वेळेवर आले नाही, तर कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'मान वळली' आणि डोळे सांगतात 'नाही वळली'. पोटात ढवळायला लागते ते यामुळेच. हे टाळण्यासाठी सॉफ्टवेअर एक युक्ती करते: कार्डाला ९० जमत नसतील तर त्याला ४५च काढायला लावते आणि मधली प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवरून स्वतः रचते. विमानात, दूरचा डोंगर बघताना हे चालून जाते. पण असेटो कोर्सामध्ये शेजारून गाडी सर्रकन गेली की तिच्या कडा पाण्यातल्यासारख्या थरथरतात. म्हणून हेडसेटसाठी सरासरी विसरा. सगळ्यात वाईट क्षणी फ्रेमला किती मिलिसेकंद लागतात, तेवढे बघा.

याच कारणाने ५० मालिकेच्या जाहिरातीतले 'चौपट एफपीएस' तुमच्या कामाचे नाही. ते मल्टी फ्रेम जनरेशनचे आकडे, म्हणजे एनव्हिडियाच्या डीएलएसएस या सोयीच्या एका भागाचे. टीव्हीवर ती सोय चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण त्यातल्या जास्तीच्या फ्रेम कार्डाने अंदाजाने रचलेल्या असतात आणि त्यासाठी खरी फ्रेम थोडी अडवून ठेवावी लागते. हेडसेटमध्ये हा उशीरच नको असतो, त्यामुळे तिथे ती धरूच नका. उलट डीएलएसएसचा दुसरा भाग, म्हणजे लहान चित्र काढून मोठे करणे, हेडसेटमध्येही उपयोगी आहे आणि फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तो आहे. २०२५च्या जानेवारीत आलेले त्याचे नवे ट्रान्सफॉर्मर मॉडेल तुमच्या ३०६० टीआयवरही चालते. कार्ड विकत घेण्याआधी तेवढे एकदा लावून बघा. कॉकपिटमधले आकडे आधीपेक्षा बरेच स्वच्छ दिसतात.

आता जे सगळ्यांना सांगतो ते. दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ घरच्या मशीनवर मोजणीला द्या. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसची खिडकी उघडा. मशीन कशावर अडलेय, 'मेन थ्रेड'वर (प्रोसेसरवर) की 'जीपीयू'वर (ग्राफिक्स कार्डावर), ते तिथे लिहून येते. पीसीवरचे गेम हेडसेटला पाठवणारे व्हर्च्युअल डेस्कटॉप हे ॲप वापरत असाल तर त्याच्या परफॉर्मन्स ओव्हरलेमध्ये गेम, एन्कोड (चित्र दाबणे), नेटवर्क आणि डिकोड (ते उलगडणे) असे वेगवेगळे वेळ दिसतात. दोन उड्डाणे करा. एक समुद्रावरून दाबोळीला उतरण्याचे, दुसरे मुंबईत. दाबोळीला भार बेताचा असतो. मुंबईवर इमारतींची गर्दी असते आणि प्रोसेसरचा घाम निघतो. दोन्ही वेळा जमिनीपासून हजारेक फुटांवर असताना आकडे कागदावर लिहून ठेवा.

समजा दाबोळीला तुमचे कार्ड फ्रेममागे २४ मिलिसेकंद घेतेय. ५०७० टीआय हे ३०६० टीआयच्या दुपटीहून थोडे अधिक वेगवान आहे. म्हणजे २४चे १०-११ होतील. ७२ हर्ट्झसाठी १३.९ची मर्यादा आहे, तर तीन मिलिसेकंद हातात राहतात. ढग आले, पाऊस आला तरी निभावेल. ९० हर्ट्झला मात्र काठावर. मग ७२वर खेळा, किंवा ढगांची सेटिंग एक पायरी खाली आणा. हे गणित तुमच्या स्वतःच्या आकड्यांवर केलेत की कार्डाचा निर्णय निम्म्याहून जास्त झालाच.

पण मुंबईवर खिडकीत 'मेन थ्रेड' दिसले तर कोणतेही ग्राफिक्स कार्ड तिथे मदत करणार नाही. ५०९० लावले तरी तेच. मागे फोंड्याहून एक गृहस्थ आले होते, खूप महागडे कार्ड जुन्या सहा कोअरच्या प्रोसेसरवर बसवलेले, आणि सिम्युलेटर पूर्वीसारखाच अडखळतोय म्हणून हैराण. कार्ड अर्धे रिकामे बसत होते. तुमच्या एएम४ मदरबोर्डवर रायझन ७ ५७००एक्स३डी बसतो. त्याची ९६ एमबीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी) सिम्युलेटरला फार मानवते. आता तो सहज मिळत नाही, पण मिळाला तर बायॉस अपडेट करून तोच घाला. पूर्ण नवा एएम५ (पुढच्या पिढीचा) संच घेण्याची घाई करू नका. ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी उत्तमच आहेत, पण त्यासोबत मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम घ्यावी लागते, आणि २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले आहेत.

आता कार्डांकडे. पहिली अट मेमरीची. ८ जीबीचे कोणतेही कार्ड या कामासाठी घेऊ नका, मग ते कितीही नवे असो. मेमरी भरली की टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) मुख्य रॅममधून ओढून आणावी लागतात आणि नेमका तेव्हाच मोठा झटका बसतो. तुमच्या ८ जीबीच्या ३०६० टीआयचा त्रासही बहुधा निम्मा याचाच आहे. १२ जीबीचे ५०७० टीव्हीवर छान चालते, पण क्वेस्ट ३ आणि फ्लाइट सिम्युलेटर एकत्र आले की आजच काठावर येते, दोन वर्षांनी काय? १६ जीबी हा माझा तळ.

१६ जीबीत तुमच्यासमोर तिघे आहेत. ५०७० टीआयमध्ये ८,९६० कोअर आणि ३०० वॅट, ५०८०मध्ये १०,७५२ कोअर आणि ३६० वॅट. मेमरी दोघांतही १६ जीबीच. खेळताना फरक पडतो तो पंधरा टक्क्यांच्या आसपास. ११ मिलिसेकंदांचे साडेनऊ होतील. भारतात जाहीर झालेल्या किमती ८० हजार आणि १ लाख ७ हजार अशा होत्या. दुकानांत त्याहून बरेच जास्त सांगतात. या दीड मिलिसेकंदासाठी सत्तावीस हजार देणे मला पटत नाही, विशेषतः तुमचा प्रोसेसर आणि एसएमपीएस बदलायचे असताना. ५०९०बद्दल कोणी आग्रह केला तर एवढेच ध्यानात ठेवा: ३२ जीबी मेमरी, ५०८०च्या दुप्पट कोअर, ५७५ वॅट आणि दोन लाखांवर किंमत. हेडसेटमधल्या सिम्युलेटरला ती ताकद खरेच कामी येते. ज्याला परवडते आणि ज्याच्या खोलीत एसी आहे त्याने जरूर घ्यावे.

एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी सोडून द्यावे असे कार्ड नाही. १६ जीबी, ३०४ वॅट, आणि टीव्हीवर पैशाला सगळ्यात जास्त तेच देते. तुमच्याकडे हेडसेट नसता तर तेच सुचवले असते. अडते ते क्वेस्टच्या रचनेपाशी. क्वेस्ट ३ला डिस्प्लेपोर्ट नाही. कार्डाने काढलेले चित्र आधी व्हिडिओसारखे दाबून, मग केबल किंवा वायफायवरून हेडसेटला जाते, आणि तिथे पुन्हा उलगडले जाते. म्हणजे कार्डातल्या एन्कोडरची प्रत थेट तुमच्या डोळ्यांसमोर येते. एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या जुन्या पद्धतीत एएमडीचा एन्कोडर वर्षानुवर्षे मागे होता. ९००० मालिकेत तो बराच सुधारला आणि एव्ही१ ही नवी पद्धत तर दोघांकडेही आहे, जी क्वेस्ट ३ उलगडू शकतो. तरीही दोन्ही कार्डांवर तोच हेडसेट डोक्याला लावून मी जेव्हा जेव्हा बघितले, तेव्हा एनव्हिडियाकडे झाडांची पाने आणि धावपट्टीवरचे आकडे अधिक टिकून दिसले. शिवाय फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डीएलएसएसचा आधार मिळतो तो वेगळाच. डिस्प्लेपोर्टने जोडायचा हेडसेट असता तर एन्कोडरचा प्रश्नच आला नसता आणि माझे मत बदलले असते.

एन्कोडरचा विषय निघालाच आहे तर राउटरबद्दल. हे गोव्यात जास्त महत्त्वाचे आहे, कारण आपली जुनी घरे चिऱ्यांची. दीड फुटाच्या चिऱ्याच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जातो तो अर्धमेला होऊन. राउटर सोप्यावर आणि तुम्ही आतल्या खोलीत असाल तर कार्ड कितीही मोठे घ्या, चित्र फाटणारच. वायफाय ६चा एक वेगळा राउटर घ्या, तो खेळायच्याच खोलीत हेडसेटला दिसेल असा ठेवा, पीसीपासून त्याच्यापर्यंत गिगाबिटची लॅन केबल ओढा, आणि त्यावर घरातले दुसरे काहीही जोडू नका. ओव्हरलेमध्ये नेटवर्कचा वेळ आठ-दहा मिलिसेकंदांच्या वर उडतोय असे दिसले तर दोष कार्डाचा नाही. पाच-सहा हजारांचे काम आहे, आणि माझ्या अनुभवात याने जेवढे फरक पडले तेवढे कार्डाच्या एका पायरीनेही पडले नाहीत.

विजेकडे येऊ. ५०७० टीआयसाठी एनव्हिडिया ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तुमचा ६५०चा सरासरी भाराला पुरेल असे कागदावर दिसेल, पण आजची कार्डे क्षणभरासाठी ठरलेल्या वॅटच्या बरीच वर झेप घेतात आणि त्या झेपेत जुना एसएमपीएस संरक्षणात जाऊन मशीन बंद करतो. एटीएक्स ३.० आणि ३.१ ही मानके याच झेपांसाठी आली. ८५० वॅटचा, एटीएक्स ३.१चा, सोळा पिनांची केबल सोबत असलेला घ्या. ॲडॉप्टर लावून चालवू नका. आणि ती सोळा पिनांची टोपी कार्डात पूर्ण आत गेली पाहिजे. बाजूने टॉर्च मारून बघा, जराशीही फट दिसता कामा नये. केबल कनेक्टरपासून लगेच वाकवू नका, तीन-चार सेंटीमीटर सरळ जाऊ द्या आणि मग वळवा. अर्धवट बसलेल्या टोपीत मोजक्या पिनांवरून सगळा प्रवाह जातो आणि प्लास्टिक वितळते. मी असा एक जळका कनेक्टर हातात धरलाय. कार्ड नवेकोरे होते, मालकाने कॅबिनेटचे झाकण लागावे म्हणून केबल दाबून दुमडली होती. म्हणून कॅबिनेटही मोजा. कार्डाची लांबी तर सगळेच बघतात, तुम्ही काचेपर्यंतची रुंदीसुद्धा मोजा.

पावसाळ्यात माडाचे झाप तारांवर पडले की वीज जाते-येते, हे तुम्हाला सांगायला नको. इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का, याची खात्री करा. पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चांगला एसएमपीएस घरघरतो, तापतो आणि एखाद्या दिवशी जातो. मशीनला वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा डबा उपयोगाचा नाही, त्याचा भार साधारण ३६० वॅटच पेलतो आणि तुमचे मशीन खेळताना साडेचारशे-पाचशे खाईल. साइन वेव्हचा १,५०० व्हीएचा घ्या. खेळत राहण्यासाठी नको, नीट बंद करता यावे म्हणून. आणि वायरमनला बोलावून त्या खोलीचे अर्थिंग एकदा तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कार्ड आणायच्या आधी हे काम करा.

उष्णतेचा विचार लोक सहसा करत नाहीत. पाचशे वॅटचे मशीन म्हणजे खोलीत पाचशे वॅटची शेगडी. मे महिन्यात कौलारू घरात एसीविना हेडसेट घालून अर्धा तास बसून बघा, चेहऱ्याचा फोम ओला होतो आणि लेन्सवर वाफ धरते. म्हणून मी ५०७० टीआयची पॉवर लिमिट खाली आणून देतो. वॅट कमी होतात, वेग माझ्या मोजणीत पाच टक्क्यांच्या आसपास घटतो, आणि पंख्यांचा आवाज निम्म्याने उतरतो. तीन पंख्यांचे, जाड हीटसिंकचे मॉडेल याच कारणासाठी बरे. वरचा रंगीत प्रकाश आणि कारखान्यातून वाढवून आलेले मेगाहर्ट्झ यांना पैसे देऊ नका.

डिचोलीचे म्हणून एक वेगळे सांगतो. तुमच्याकडे तांबडी धूळ फार, बारीक आणि चिकट. दमट हवेत ती हीटसिंकच्या पात्यांवर गेरूसारखी बसते. कॅबिनेटला पुढे जाळी हवीच, ती पंधरा दिवसांनी धुवा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर ब्लोअरने आतून साफ करा. ब्लोअर मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भरधाव फिरू देऊ नका. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकल्या असतील तर परत लावा. उबेला पाली आत शिरतात आणि एसएमपीएसमध्ये शॉर्ट करतात, दर पावसाळ्यात माझ्याकडे अशी दोन-तीन मशिनी येतात. जून ते सप्टेंबर मशीन आठवडाच्या आठवडा बंद ठेवू नका. दोन दिवसांनी अर्धा तास तरी चालू करा, आतली ओल निघून जाते. आणि हेडसेट कधीही खिडकीच्या उन्हात ठेवू नका. लेन्स भिंगाचे काम करते, आतला पडदा काही क्षणांत कायमचा डागाळतो.

राहिले दुबईचे. तिथे भाव कमी दिसेल, पण ठरलेल्या मर्यादेच्या वरच्या किमतीवर विमानतळावर कस्टम ड्युटी लागते, ती धरून हिशेब करा. त्याहून मोठी अडचण वॉरंटीची. अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात विक्री झाली तिथलीच असते. इथे घेतलेल्या कार्डावर साधारणतः तीन वर्षे मिळतात, आणि आपल्या दमट, खाऱ्या हवेत तिसऱ्या वर्षी बिघडलेली कार्डे मी पुरेशी पाहिली आहेत. दुकानदाराकडून बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि खोका जपून ठेवा.

मामांकडून काही आणवायचेच असेल तर क्वेस्टसाठी चांगला डोक्याचा पट्टा आणवा, पाठीमागे बॅटरी असलेला, म्हणजे पुढचे वजन नाकावर येत नाही. तुम्हाला चष्मा असेल तर तुमच्या नंबराच्या लेन्सही तिथून करून आणता येतात. चष्मा हेडसेटच्या लेन्सवर घासून चरे पाडतो, आणि ते चरे नंतर निघत नाहीत. चवथीला अजून वेळ असेल तर तोवर दाबोळी आणि मुंबईचे ते आकडे मोजून ठेवा, कार्ड घेण्याआधी मला दाखवा. मुंबईवर 'मेन थ्रेड' येत असेल तर खर्चाचा क्रम बदलावा लागेल: आधी प्रोसेसर, मग कार्ड.